उलट्या टोकाने चावलेली साल

स्पर्धेला नऊ दिवस उरले असताना कूकमचा सुळा गेला, आणि तो डेल्फिनमुळे गेला.

तसं तिला कुणी काही बोललं नाही. पण डेल्फिनला दुसऱ्या कुणी बोलायची गरजच नसायची, स्वतःला बोलायला ती एकटी पुरेशी होती. कूकम म्हणजे तिच्या नवऱ्याची आजी. वय अठ्ठ्याहत्तर, तोंडात दात सहा, पण त्यातले दोन मोक्याचे. वरचा डावा सुळा खालच्या सुळ्यावर बरोब्बर बसायचा. त्या एका जोडीवर कूकमने जन्मभर भूर्जाच्या पातळ सालीवर चावून चावून चतुर, फुलपाखरं, कासवं उमटवली होती.

डेल्फिनच्या लक्षात आलं की कूकम तीन दिवस बॅनॉकची भाकरी चहात बुडवून एकाच बाजूने खातेय. चौथ्या दिवशी गाल टम्म. डेल्फिन शहरात कॉलेज करून या घरात आलेली, आठ महिन्यांच्या विनीची आई. दाराच्या फटीपासून पोरीच्या शीच्या रंगापर्यंत सगळ्यावर तिची नजर. दातातला पू हृदयापर्यंत जातो असं तिने कुठेसं वाचलं होतं. ते तिने कूकमला दोनदा सांगितलं, मोसोमला, म्हणजे आजोबांना, तीनदा, आणि नवऱ्याला, क्लेटनला, किती वेळा त्याचा हिशेबच नाही. त्याच आठवड्यात विमानाने दातांचा डॉक्टर येणार होता. तिनेच नाव लावलं, तिनेच कूकमला दवाखान्यात नेलं. कूकम परत आली ती तोंडात कापसाचा बोळा आणि मुठीत सुळा घेऊन.

"बरं वाटतंय," कूकम म्हणाली. "डोक्यातला ठणका गेला. चहा ठेव."

मोसोमने सुळा हातात घेतला, खिडकीशी नेऊन निरखला, टेबलावर ठेवला आणि शेडमध्ये निघून गेला. तेव्हा कुठे डेल्फिनला स्पर्धा आठवली.

शेडमध्ये होडी होती, म्हणजे होडी व्हायची राहिलेली होडी. वाफेवर वाकवून जोडीजोडीने बांधलेल्या स्प्रूसच्या लाकडाच्या फासळ्या, तासून गुळगुळीत केलेल्या काठाच्या पट्ट्या, शिवायला मुळांची वेटोळी. मोसोम दोन वर्षं त्यावर काम करत होता. सगळं तयार होतं, अंगावर चढवायची भूर्जाची साल तेवढी नव्हती. दोन उन्हाळ्यांपूर्वीच्या वणव्यात निस्का पॉइंटच्या दोन्ही काठांवरचे भूर्ज जळून कोळसा झाले. वाचलं ते तळ्यातलं समोरचं बेट. गेल्या वर्षी झाडांना विसावा म्हणून तिकडे कुणीच पाऊल टाकलं नव्हतं. त्या बेटावर होडीच्या तळाला पुरेल असा, गाठ नसलेला, एका माणसाच्या कवेत जेमतेम मावणारा भूर्ज एकच होता. आणि साल झाडापासून सुटते ती जूनमधले मोजके दिवस. नंतर ओढलीत तर चिंध्या हाती येतात. मोसोम एकोणऐंशीचा. यंदा हुकलं तर पुढच्या जूनचं कुणी सांगावं?

बेटावर आधी कुणी जायचं हे दोन घरांच्या बाया साल चावायच्या स्पर्धेत, दातांनी ठरवायच्या. मोसोमच्या आईच्या वेळेपासून असंच चालत आलं होतं. पहिली जाणारी झाडं निवडणार, दुसरी उरलेली घेणार. पलीकडच्या घरातून व्हर्ना चावणार होती. ती क्लेटनची मामेबहीण, म्हणजे डेल्फिनची नणंद. बत्तीस दात, सगळे शाबूत, आणि जीभ त्यांच्याहून धारदार. तिला त्या मोठ्या झाडाच्या टोपल्या करायच्या होत्या. शाळेतल्या पोरींना ती टोपल्या शिकवायची, त्यामुळे तिचंही काही चुकत नव्हतं.

"मग आता आपल्याकडून चावणार कोण?" डेल्फिनने विचारलं.

कूकमने बोळा काढून बशीत ठेवला. "तोंड उघड."

"माझं?"

"नाही, मोसोमचं. उघड म्हणते ना."

स्लेजला जुंपायचा कुत्रा निवडताना बघावं तसा कूकमने तिचा ओठ अंगठ्याने वर केला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"चांगले आहेत," ती म्हणाली. "शहरातले दात. कधी कामाला लावलेले दिसत नाहीत."

नऊ दिवस घरात दुसरं काही चाललंच नाही. कूकमने पेटीतली जुनी साल काढली, वाफेवर मऊ केली आणि नखाने कोपरा सोडवून तिचे पापुद्रे काढायला शिकवलं. एकातून एक, एकातून एक, शेवटचा इतका पातळ की त्यातून खिडकी दिसावी. मग घडी. एकदा दुमडायचं, दोनदा दुमडायचं, मग तिरकं. घडीचं जे टोक मिटलेलं तो चित्राचा मधला भाग, ते आत, जिभेकडे. सुटं टोक बाहेर, बोटांत.

"हे विसरलीस की संपलं," कूकम म्हणाली. "आता डोळे मीट. डोळ्यांचं इथे काही काम नाही. आधी चित्र डोक्यात बघायचं, दात त्याच्या मागोमाग जातात."

पहिल्या दिवशी सालीला भोकंच भोकं पडली. दुसऱ्या दिवशीही. क्लेटन एक तुकडा उजेडात धरून म्हणाला, "चाळण म्हणून चालेल," आणि त्या दिवशी त्याला जेवायला उशिरा मिळालं.

"अगं, किती जोर लावतेस?" कूकमने कपाळाला हात लावला. "तोंडात विनीचं बोट आहे असं समज."

त्यानंतर डेल्फिनच्या दाताने एकदाही साल फाडली नाही.

पण नुसती न फाडून काय होतं? चतुर काढायला जावं तर शेपूट आखूड, पंख वाकडे. जबडा दुखायला लागला, ओठांची सालं निघाली. विनीला वाटायचं आई काहीतरी गोड खातेय आणि आपल्याला देत नाही. ती आईच्या तोंडाकडे बोटं नेऊन ओरडायची. डेल्फिन एका हाताने तिला थोपवायची, दुसऱ्या हाताने साल सरकवायची, आणि सातव्या दिवशी, असं करता करता, अचानक तिला ते दिसलं. मिटल्या डोळ्यांमागे स्वच्छ कासव, आणि दात त्याच्या कवचावरून आपोआप चाललेले. उलगडून पाहिलं तर अर्धंमुर्धं का होईना, होतं. ती खुर्चीतून उठली आणि पुन्हा बसली.

"जमतंय बघ तुला," कूकम म्हणाली, आणि तिच्या हातात पुढचा पापुद्रा ठेवला.

स्पर्धेच्या सकाळी वारा पडलेला, पाणी काचेसारखं. दोन्ही घरांच्या होड्या वाळूच्या दांड्यावर ओढलेल्या. शेकोटीवर किटली, फळीवर धुरावलेला व्हाइटफिश मासा, आणि डोळ्यांत जाणाऱ्या काळ्या माश्या. पुरुषांनी दूर ओंडक्यावर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. मोसोम टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. डेल्फिनने तिकडे एकदाच पाहिलं आणि पुन्हा पाहायचं नाही असं ठरवलं. क्लेटनच्या कडेवर विनी. तिला मच्छरदाणी घातली होती, टोपी घातली होती, दोरी बांधलेलं तरंगतं जाकीट घातलं होतं.

"वहिनी," व्हर्ना लांबूनच म्हणाली, "पोरीला पाण्यात टाकणार आहेस की चंद्रावर पाठवणार आहेस?"

बायका हसल्या. नणंद-भावजयीत हे चालायचंच, उलट टोमणा आला नाही तर ती रुसली असं समजतात. डेल्फिनला काही सुचलं नाही. सुचायचं ते तिला नेहमी घरी गेल्यावर सुचायचं.

व्हर्नाची सासू एस्थर दोन्ही घरांत सगळ्यात वयस्कर. ती पेला घेऊन मधे बसली आणि रीत सांगितली, दर वेळी सांगतात तशी.

"तीन तीन साली चावायच्या. एकदा तोंडात घेतलेली साल पुरी होईपर्यंत बाहेर काढायची नाही. उलगडून सूर्यासमोर धरायची, काय काढलंय ते सांगायचं नाही. समोरच्या घरच्या बायकांनी नाव द्यायचं. पहिला तोंडातून निघेल तो शब्द धरायचा. मी चहाचा घोट गिळेपर्यंत नाव आलं नाही तर साल फुकट. फूल धरायचं नाही, फूल कुणालाही येतं."

समोरच्यांनी मुद्दाम गप्प राहायचं ठरवलं तर? हा प्रश्न डेल्फिनने आदल्या दिवशी कूकमला विचारला होता. तशी एक बाई होऊन गेली, कूकमने सांगितलं होतं, तिला हिवाळाभर कुणी चहाला बोलावलं नाही.

व्हर्नाने डोळे मिटले. तिचा जबडा शिवणयंत्रासारखा चालायचा. साल पुरती उलगडायच्या आत कूकमच्या तोंडातून निघून गेलं, "फुलपाखरू." आणि कूकम स्वतःवरच चिडून थुंकली.

डेल्फिनची पाळी. तिने मनात चतुर धरला. लांब शेपूट, दोन दोन पंख. साल उलगडून सूर्यासमोर धरली, तर शेपूट पुन्हा आखूड.

"डास," एस्थर म्हणाली.

"डासच," व्हर्नाच्या बहिणीने दुजोरा दिला. "मेला चावायला आलाय."

डास तर डास. शब्द निघाला होता, एक साल लागली. भीती डेल्फिनच्या ओळखीची होती, रोजची. हे काहीतरी वेगळं होतं, पावलं वाळूवर ठरू देत नव्हतं.

व्हर्नाने दुसऱ्या सालीवर समोरासमोर बसलेले दोन कावळे काढले. असे, की कूकमने नाव द्यायच्या आधी दाद दिली. व्हर्नाच्या दोन. डेल्फिनने कासव काढलं आणि एस्थरने लगेच त्याला बेडूक म्हटलं. तिच्याही दोन.

"वहिनीला काढायचं एक असतं, निघतं दुसरंच," व्हर्ना म्हणाली. "आमच्या भावाशी लग्नही असंच झालं असणार."

ओंडक्यावरून क्लेटनने तोंड उघडलं आणि कूकमने नुसतं बोट दाखवल्यावर मिटलं.

तिसऱ्या सालीला व्हर्नाने मोठा डाव टाकला. मूस हरणाचं डोकं, शिंगांसकट. बराच वेळ चावत होती. शिंगांच्या टोकाला जाताना तिच्या भुवया आवळल्या, आणि डेल्फिनला बारीकसा आवाज ऐकू आला, वाळलं पान पायाखाली यावं तसा. साल उलगडली. एका शिंगाच्या जागी मोठं भोक, उजेड भसकन आत येत होता. कूकमने डोळे बारीक केले, मान तिरकी केली. खरंच तिला कळेना. डेल्फिनलाही कळेना, मूस हे नंतर व्हर्नाने सांगितलं. एस्थरचा घोट खाली गेला.

दोनावर दोन, आणि डेल्फिनची एक साल बाकी. ही लागली तर झाड मोसोमचं. नाही लागली तर बरोबरी, आणि बरोबरीला पुन्हा तीन तीन. डेल्फिनच्या जबड्यात आता तीन साली उरलेल्या नव्हत्या हे तिला पक्कं माहीत होतं. कूकमलाही माहीत होतं.

"कोळी काढ," कूकम कुजबुजली. "मधे पोट, बाजूने आठ पाय. सोपा. मिटलेलं टोक आत."

डेल्फिनने घडी केली, मिटलेलं टोक बोटाने दोनदा चाचपलं, साल ओठांपर्यंत नेली. त्याच क्षणी विनीने पाण्यावरच्या चकाकीकडे झेप घेतली. क्लेटनच्या कडेवरून अर्धी बाहेर, डोकं खाली. क्लेटनने तिला पायाला धरून वर घेतलं. पोर खदखदा हसत होती. सगळं मिळून एक क्षण. डेल्फिनचे दोन्ही हात पुढे जाऊन परत आले. तिने श्वास सोडला, डोळे मिटले, साल तोंडात घेतली आणि चावायला सुरुवात केली.

सात-आठ दातखुणा झाल्यावर जिभेला सुट्या कडा लागल्या. पापुद्र्यांच्या पातळ, एकावर एक सरकणाऱ्या कडा. तिथे मिटलेलं, टणक टोक हवं होतं.

साल हातात फिरली होती. ती उलट्या टोकाने चावत होती.

बाहेर काढायची सोय नव्हती. आता कोळी होणार नाही. पोट मधे यायचं ते कडेला जाणार, पाय कुठे जाणार देव जाणे. तिने डोळे आणखी घट्ट मिटले. मोसोमच्या फासळ्या दिसल्या, त्या बाजूला सारल्या. विनी दिसली, तिलाही सारलं. मग जे झालंय तेच पुढे न्यायचं ठरवलं. कडेला एक वाकलेली रेघ झाली होती, तिला डोकं दिलं. डोक्याखाली पाठ दिली. मधल्या भागाला दात लावलाच नाही. विनीचं बोट, विनीचं बोट, असं म्हणत ती शेवटच्या खुणेपर्यंत आली.

उलगडताना कूकमने तिच्या खांद्यावरून पाहिलं.

तिने साल सूर्यासमोर धरली. मधे काहीच नाही, कोरी गोल जागा. आणि तिच्याभोवती कडेकडेने आठ आकृत्या, कुबड काढून, मान खाली घालून बसलेल्या.

समोरच्या बायकांनी डोळ्यांवर हात आडवे धरले. एस्थरने पेला तोंडाला लावला. डेल्फिनला तिच्या गळ्याची घाटी दिसत होती, अजून हलली नव्हती. कूकमच्या तोंडून दबका आवाज येत होता, जणू ती शब्द इकडून तिकडे फुंकून पोचवणार होती. कुणी बोलेना. व्हर्नाने कमरेवर हात ठेवले, पुढे वाकली, आणि तिचे डोळे चमकले.

"अगं बाई, वहिनी," ती म्हणाली, "हे काय काढलंस? बर्फात पाडलेलं भोक, आणि त्याच्याभोवती आमचे सगळ्यांचे नवरे. सकाळपासून बसलेत आणि मासा एक नाही."

वाळूवर हशा फुटला. पुरुषांच्या ओंडक्यावरही फुटला. मनाई होती तरी फुटला. आणि त्या हशात एस्थरने पेला खाली ठेवला, चहा तोंडातच ठेवून. मग सावकाश गिळला.

"नाव पडलं," ती म्हणाली.

व्हर्नाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "सासूबाई, मी टोमणा मारला. नाव कुठे दिलं?"

"तोंडातून निघालं की नाही?"

"निघालं, पण..."

"बर्फातलं भोक. भोवती नवरे. मलाही दिसतायत." एस्थरने साल हातात घेऊन उजेडाकडे फिरवली. "हा डावीकडचा तर तुझा सासराच. मान टाकून झोपलाय. असाच झोपायचा."

व्हर्ना जवळ आली, पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि हसू दाबता दाबता खालीच बसली. "झोपलाय खरा," ती म्हणाली. "जा बाई, घे तुझं झाड. माझ्याच तोंडाने घालवलं मी."

"तोंड तुझं चांगलं आहे," डेल्फिन म्हणाली. "फक्त साल नसली की जास्त चालतं."

ते कसं सुचलं, तेही घरी जायच्या आत, हे तिलाच कळलं नाही. व्हर्नाने वाळूची मूठ तिच्या पायांवर उधळली. कूकम इतकी हसली की तिला दुखरी हिरडी धरून बसावं लागलं.

मोसोम मात्र केव्हाच उठला होता. टोपी डोक्यावर, हातात लाकडी पाचर, पाय होडीत. "हसा नंतर," तो ओरडला. "ऊन चढतंय."

बेटावर पोचेपर्यंत डेल्फिनने विनीला तीनदा चाचपलं आणि तिन्ही वेळा का चाचपतेय ते विसरली. झाड उतारावर उभं होतं, पांढरंशुभ्र, सरळ. मोसोमने त्याच्या मुळाशी तंबाखूची चिमूट ठेवली, ओठांतल्या ओठांत बोलला. मग सालीचा नखाएवढा तुकडा काढून वाकवला. मोडला नाही. तळहात बुंध्यावर ठेवून तो थांबला, आणि मग चाकू लावला. उभा एकच छेद, वरून खाली, फक्त बाहेरच्या सालीएवढा खोल.

पाचर सरकली. आतून ओला, फाटल्यासारखा आवाज आला आणि साल बोटभर उघडली. डेल्फिनने ओठ चावला, आधीच सोललेला.

"येतेय," मोसोम म्हणाला. "पण ही एकट्यादुकट्याने धरायची नाही. वजनाने आपोआप चिरेल. अजून चार हात पाहिजेत."

क्लेटनच्या कडेवर पोर, कूकमच्या खांद्यात जोर नाही. डेल्फिन उतारावरून धावत काठाशी गेली. रिवाजाप्रमाणे दुसरी होडी थोडं अंतर राखून पाण्यात थांबली होती.

"व्हर्ना," तिने हाक मारली, "तुझी बहीण घेऊन ये. लवकर."

"का गं? झाड चावतं की काय?"

"ये ना, टोमणे इथे येऊन मार."

त्या आल्या. चौघींनी, म्हणजे व्हर्ना, तिची बहीण, डेल्फिन आणि न ऐकता मधे शिरलेली कूकम यांनी, तळवे पसरून साल धरली. मोसोम बुंध्याभोवती पाचर फिरवत गेला. वीतभर, हातभर, अर्धा वेढा. झाडाचा रस बोटांवरून कोपरापर्यंत ओघळला. माश्या कानात शिरत होत्या आणि कुणालाच हात सोडता येत नव्हता. व्हर्ना डोळे मिटून देवाचं नाव आणि एक शिवी आलटून पालटून म्हणत होती. आणि मग साल सुटली. अख्खी, एका तुकड्यात, चौघींच्या हातांवर आडवी आली, आतून पिवळीजर्द आणि ओली.

त्यांनी ती गवतावर आतली बाजू वर करून पसरली. मोसोम गुडघ्यांवर बसला, गाठी मारलेली दोरी काढली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मापलं. मग रुंदी मापली. मग पुन्हा रुंदी मापली, आणि त्याचा चेहरा उतरला.

"चार बोटं कमी," तो म्हणाला.

डेल्फिन सालीवर वाकली. "कुठे? कुठल्या बाजूला, मोसोम?"

मोसोमने दोरी खिशात टाकली.

"कुठल्याच नाही," तो म्हणाला. "चौघी एकदम गप्प कशा दिसता ते बघायचं होतं."

कूकमने त्याला टोपीने मारलं. मग व्हर्नाने मारलं. डेल्फिन सालीच्या कडेला गवतात बसली, रसाने चिकट झालेले हात मांडीवर उघडे ठेवून. क्लेटनने विनीला तिच्याकडे दिलं, तेव्हा पोरीने आधी आईची बोटं तोंडात घातली आणि सावकाश, विचार करत, चावून पाहिली.